एका गोलाची विहीर

शिरूर कासारला आम्ही वॉटर पोलो खेळायचो असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "तिथं पाणी कुठंय?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. आमच्याकडे पाणी असतं तेव्हा माणसं नसतात आणि माणसं असतात तेव्हा पाणी नसतं. पावसाळ्यात विहिरी भरतात, दिवाळीच्या आगेमागे अर्धा गाव ऊस तोडायला जातो आणि तो परत येईपर्यंत विहिरीचा तळ दिसू लागतो. विहीर भरल्यापासून दिवाळीपर्यंतचे दोन-अडीच महिने काय ते आमचे. अशा गावात त्रिंबकभाऊंनी एक्क्याण्णव साली 'सिंदफणा जलतरण व वॉटर पोलो मंडळ' काढलं. माणूस जरा सरकलेलाच म्हणायचा.

भाऊ फौजेत होते. तिथंच हा खेळ शिकले आणि पेन्शन घेऊन घरी येताना ट्रंकेत एक पिवळा चेंडू आणि सात टोप्या घेऊन आले. वॉटर पोलोत एका संघाची सात माणसं पाण्यात उतरतात. प्रत्येकाच्या डोक्याला नंबराची टोपी, गोलकीपरची तेवढी लाल. फौजेतल्या टोप्या विरल्या तेव्हा भाऊंच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, घरीच नव्या शिवल्या आणि दोऱ्यानं नंबर भरले. माझा नंबर चार. आम्हा पोरांच्या ओल्या टोप्या वहिनींच्या दोरीवर रांगेत वाळत असायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं.

खेळायला अर्जुनराव देशमुखांची विहीर होती. चांगली साठ फूट रुंद, पण वाटोळी. वाटोळ्या विहिरीला दोन टोकं आणायची कुठून? म्हणून गोल एकच. समोरच्या भिंतीवर चुन्यानं काढलेली चौकट. पाणी उतरलं की गोल हवेत लटकायचा, मग भाऊ चुन्याचा डबा आणि कुंचला घेऊन जुन्या चौकटीखाली नवी चौकट काढायचे. दोन्ही बाजूंनी त्याच चौकटीत चेंडू मारायचा आणि चौकटीपुढे कायम भाऊच. गोल झाला की मारणारे नाचायचे. भाऊंनी अडवला की समोरचे नाचायचे, जणू त्यांनीच अडवला. भाऊंना कुणी शाब्बास म्हटल्याचं मला आठवत नाही. दोन्ही बाजूंचा गोलकीपर कुणाचाच नसतो हे आम्हाला तेव्हा कळलं नाही, आणि कळेपर्यंत आम्ही पांगलो होतो.

अठ्ठ्याण्णव साली आम्ही पहिल्यांदा स्पर्धेला गेलो, शहरात. निळं पाणी, तळाची फरशी दिसतेय, आणि समोरासमोर दोन गोल! आमच्या डोक्यात वर्षानुवर्षं एकच गोष्ट बसलेली: भाऊ जिथं, तिथं मारायचं. उत्तरार्धात चेंडू माझ्या हातात आला, समोर लाल टोपी दिसली आणि मी अंगातलं सगळं बळ लावून फेकला. आमच्याच गोलावर. भाऊंनी तो अडवला, सवयीनंच. सगळी गॅलरी पोट धरून हसली. आम्ही बारा-शून्यनं हरलो, पण माझा तेरावा काही त्यांनी होऊ दिला नाही. येताना एसटीत मी तोंड लपवून बसलो होतो. भाऊ मागून वाकून म्हणाले, "चेंडू लई भारी हानलास, युवराज."

पुढं मी मास्तर झालो आणि त्याच शहरात घर केलं. बाकीच्यांच्या हातात कोयता आला. दोन वर्षांपूर्वी मंगलवहिनी गेल्या. भाऊ एकटे पडले, पण रोज सकाळी विहिरीवर जात राहिले. खेळायला कुणी नसताना पाणी उतरेल तशी चौकट खाली खाली काढत राहिले. गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो तेव्हा ती भिंत पाहिली. एकाखाली एक पंधरा-वीस पांढऱ्या चौकटी आणि पायरीवर भाऊ. मला फार वाईट वाटलं, आणि तसाच मी गाडीत बसून निघून आलो.

नोव्हेंबरात स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचं पत्र आलं. पाच वर्षं तुमचा संघ आला नाही, यंदा डिसेंबरात पाण्यात उतरला नाही तर मंडळाचं नाव यादीतून काढू. अडुसष्ट वर्षांचे भाऊ टोप्या पिशवीत घालून एसटीनं निघाले. सांगलीकडे एका उसाच्या फडावर त्यांना आमचा जुना गडी हनुमान सापडला.

"भाऊ, मी येतो म्हनलं तरी कसा येऊ?" हनुमान म्हणाला. "आमी नवरा-बायको मिळून एक कोयता. मी पवायला गेलो तर तिनं एकटीनं तोडायचं, एकटीनं मोळी उचलायची. तुमीच सांगा."

दुसऱ्या फडांवरही हेच उत्तर मिळालं. मग मला फोन आला. "युवराज, तू तर तिथंच हायेस. तुझी टोपी ठिवलीय."

"बघतो भाऊ, पण पाठ धरलीय," मी म्हणालो.

पाठ ठणठणीत होती. माझ्या शाळेची पोरं स्पर्धा बघायला जाणार होती, आणि पन्नाशीचं सुटलेलं पोट घेऊन त्यांच्यासमोर चड्डीवर उभं राहायची मला लाज वाटत होती. लोक पुन्हा हसले असते. खरं कारण एवढंच.

तरीही त्या दिवशी गेलो. घरापासून तलाव वीस मिनिटांवर. गॅलरीत सगळ्यात वर, खांबाआड बसलो. खाली भाऊंनी काठावर सात टोप्या नंबरानं ओळीत मांडल्या होत्या आणि ते फाटकाकडे बघत होते. शिट्टी झाली. त्यांनी लाल टोपी चढवली, थंड पाण्यात उतरले आणि पोहत जाऊन गोलात उभे राहिले.

"संघ उतरलाय साहेब, लिव्हा," ते काठावरच्या पंचांना म्हणाले, वरपर्यंत ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं.

"काका, सात लागतात."

"ठावं हाय मला," भाऊ म्हणाले आणि समोरच्या पोरांकडे वळले. "पोरांनो, आलाच हायेत तर मारा की. आमच्याकडं एकच गोल असतो."

पोरांनी पंचांकडे पाहिलं. पंचांनी मान डोलावली. पोरं मारू लागली. पहिले तीन आत गेले. चौथा अडला, पाचवा अडला. मग एकानं कोपऱ्यात सणसणीत फेकला आणि भाऊ त्या वयात कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळले, बोटांच्या टोकांनी चेंडू वळवला. गॅलरीत कुणी हसलं नाही. चारदोन मोबाइल तेवढे वर झाले. 'शाब्बास भाऊ' माझ्या ओठांवर आलं होतं. पण ओरडलो असतो तर त्यांनी वर पाहिलं असतं. मी खांबाआड आणखी सरकलो.

पंचांनी कागदावर रेघ मारली. भाऊ बाहेर आले, कुडकुडत टॉवेल गुंडाळला आणि एकेक कोरडी टोपी उचलून पिशवीत ठेवली. चार नंबरची सगळ्यात शेवटी. उठताना पुन्हा एकदा फाटकाकडे पाहिलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. ते गावाकडच्या एसटीत होते.

"पाठ कशी हाय तुझी?"

"बरी आहे आता."

"जप. मंडळाचं नाव काढलं बग त्यांनी. पर आज म्या लई गोल अडिवले, युवराज."

"शाब्बास, भाऊ," मी म्हणालो.

भाऊ हसले.

"तू कुठं बगितलंस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.