पाठमोऱ्या चार जागा

वाफेच्या इंजिनाच्या गाडीची चार तिकिटं मी काढली आणि चारही जागा उलट्या तोंडाच्या निघाल्या. यात सहल कंपनीच्या माणसाचा दोष नाही, रेल्वेचा नाही आणि ग्रहांचाही नाही. गाडीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, हे मला ओळखता आलं नाही.

तशी मी तयारी कमी केली नव्हती. दक्षिणेकडच्या डोंगरात एक जुनी छोटी गाडी अजून कोळशावर चालते, हे वाचल्यापासून मी जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरताना भेटेल त्याला वाफेवर व्याख्यान देत होतो. तीन ओळखीच्या माणसांनी फिरायची वेळ बदलली. पण या सगळ्या उत्साहामागे एक खरं कारण होतं, आणि ते म्हणजे माझी अक्का.

अक्का माझी थोरली बहीण. अमळनेरजवळच्या खेड्यात दिलेली. तिला गाडी लागते. लागते म्हणजे अशी, की जळगावला एसटीने यायचं तर धरणगावला उतरून पोट रिकामं करायचं, तासभर बाकावर बसायचं आणि मग पुढची एसटी धरायची. माझी बायको कन्नडच्या घाटापलीकडची. त्या घाटाच्या धास्तीने अक्का माझ्या लग्नाला आली नाही. एकुलत्या एका भावाचं लग्न तिने अल्बममध्ये पाहिलं. पुढे तीस वर्षं दर दिवाळीला तो अल्बम काढून ती माझ्या बायकोला विचारत आली की घाट कसा असतो. बायकोने सांगायचं आणि अक्काने मान हलवायची.

यंदा मी तिला म्हणालो, रेल्वे हळू चालते, डोंगर चढते आणि कुणालाही लागत नाही, तुम्ही दोघं आणि आम्ही दोघं जाऊ, चल. ती दोन दिवस विचार करत राहिली. मग फोनवर एवढंच विचारलं, "भाऊ, मन्हं तोंड पुढेच राही ना?"

मी शब्द दिला.

सहल कंपनीच्या माणसाने डब्याचा नकाशा माझ्यासमोर ठेवला. समोरासमोर बाकं होती आणि एका टोकाला इंजिनाचं चित्र. तोंड कुठल्या बाजूला हवं, असं त्याने विचारलं. इंजिनाकडे, असं मी सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की इंजिनाकडे ना. ज्याला बैलाचं तोंड कुठे असतं हे विचारलं जातंय, अशा शेतकऱ्याच्या नजरेने मी त्याच्याकडे पाहिलं. त्या बिचाऱ्याने जागा नोंदवल्या.

आठ दिवसांनी बायको जेवताना मोबाईलवर त्या गाडीचा व्हिडिओ बघत होती. बघता बघता तिचा घास थांबला.

"अहो, हे इंजिन मागे का आहे?"

मी म्हणालो, व्हिडिओ उलटा लागला असेल. तिने डब्यावरची पाटी वाचून दाखवली. अक्षरं सुलट होती. चढण तीव्र, म्हणून त्या गाडीत इंजिन मागे लावतात आणि ते डबे वर ढकलत नेतं. म्हणजे इंजिनाकडे तोंड करून बसलेला माणूस अख्खा डोंगर पाठमोरा चढतो. मी धावत सहल कंपनीत गेलो. गाडी भरली होती, जागा बदलणं शक्य नव्हतं, आणि आपण दोनदा विचारलं होतं याची त्या माणसाने अत्यंत नम्रपणे आठवण करून दिली.

बायकोचं म्हणणं पडलं, अक्कांना सरळ सांगून टाका. सरळ सांगणं हा माझा स्वभाव नाही. मी अक्काला फोन लावला आणि या खास गाडीत उलटं बसण्याचीच पद्धत आहे असं सांगितलं. पुढे तोंड केलं तर डोंगर येतो आणि निघून जातो, मागे तोंड केलं की तोच डोंगर कितीतरी वेळ दिसत राहतो. वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं. बायको शेजारी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "आपल्या लग्नाला त्या आल्या नाहीत, ते बरंच झालं. त्यांचा तुमच्यावर अजून विश्वास आहे."

संध्याकाळी अक्काचाच फोन आला. जमलं तर येईन, नाही तर तुम्ही तिघं जा. पण आधी उलटं बसून बघायचं. आमच्याकडे साधं खरबूज घ्यायचं तरी माणूस दहा फळं हुंगून बघतो. अक्का तर पोट पणाला लावत होती. शेतात भरिताचा बेत ठेवते, तेव्हाच चाचणी घेऊ, असं तिने ठरवून टाकलं.

दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, कामात कसर ठेवणारे नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या सुतळीने बांधून तयार होत्या. बांधावर कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ पेटला होता, त्यात वांगी भाजत होती. दाजींनी एकच गोष्ट विचारली.

"इंजिन पुढे शे का मांगे?"

मागे, असं मी म्हणालो आणि पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं. चित्र, नकाशा, माझी नजर. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली, डोकं खाजवलं.

"म्हंजे तुम्हीन शेपटीलेच तोंड समजी लिधं."

अक्का वांगी उलटवत होती. तिने ऐकलं की नाही मला कळलं नाही. तिने मान वर केली नाही.

आता दाजींच्या मनाने घेतलं. इंजिन मागे असेल तर ट्रॅक्टरही मागेच हवा. म्हणजे ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये टाकून ट्रॉली ढकलत न्यायची, बांधापासून विहिरीपर्यंत. ट्रॉली उलटी नेणं महाकठीण, दोन हातांवर ती वाकडी होते, आणि नेमका याच कलेचा दाजींना अभिमान. स्वतः ते चालवायला बसणार म्हणून त्यांच्या खुर्चीवर गुरांच्या ढेपेचं पोतं बसवलं. डबा पूर्ण भरलेला हवा, असा त्यांचा आग्रह.

निघण्याआधी मी अक्काची पूर्ण व्यवस्था लावली. हातात लिंबू, तोंडात आवळासुपारी, पोटाशी वर्तमानपत्राची घडी, पदराखाली प्लॅस्टिकची पिशवी. तिने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. माझ्या बाबतीत म्हणाल तर जाळाजवळ उभा राहून मी गरम भरीत आणि पुऱ्या चाखत होतो. किती ते बायकोने मोजलं असावं.

आम्ही रांगेने बसलो: अक्का, मी, बायको, ढेप. तोंड ट्रॅक्टरकडे. ट्रॅक्टर सुरू झाला. रिव्हर्स घ्यायचा म्हणून दाजी मान पूर्ण वळवून आमच्याकडे बघत होते, आणि आम्ही त्यांच्याकडे. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा-बायको इतका वेळ एकमेकांकडे टक लावून बसले नसतील. अक्काने पदर सारखा केला.

ट्रॉली एकदा कपाशीत घुसू पाहायची, एकदा बांधावर चढू पाहायची. वारा आमच्याच दिशेचा, त्यामुळे ट्रॅक्टरचा धूर, वांग्यांचा धूर आणि काड्यांची राख, तिन्ही वाटेत भेटली. कापूस वेचणाऱ्या बायका कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एकीने ओरडून विचारलं की हे काय चाललंय.

"डोंगरवर जाई राहिनूत," अक्का शांतपणे म्हणाली.

मी तिच्याकडे डोळा ठेवून होतो. दर खड्ड्याला विचारत होतो, मळमळतंय का, थांबवू का, लिंबू हुंग. ती मला हाताने गप्प करायची. विहीर जवळ आली तेव्हा ती चक्क जरा पुढे वाकून बघत होती. तिचं घर, गोठा, जाळाचा धूर, सगळं लहान लहान होत मागे राहत होतं. तिने त्या शेतात उभी हयात घालवली होती, पण ते असं दूर जाताना तिने पाहिलंच नव्हतं.

"खरंच खूप वेळ दिसस रे," ती म्हणाली.

माझी थाप खरी निघाल्याचा आनंद मला साजरा करायचा होता. पण त्याच वेळी दाजींनी ट्रॉली सरळ करायला एक जोरदार वळण घेतलं, धुराचा लोट तोंडावर आला, आणि पहिल्यांदा शेत फिरलं, मग विहीर फिरली, मग दाजी. मी एवढंच म्हणू शकलो की थांबवा. बायको जागच्या जागी ढेपेच्या पोत्याकडे सरकली.

पिशवी अक्काची होती, पण कामाला माझ्या आली.

बराच वेळ मी ट्रॉलीची कड धरून उभा होतो. अक्काने माझं कपाळ धरलं, तिच्या हातातलं लिंबू माझ्या नाकाशी नेलं, पोटाशी धरलेली वर्तमानपत्राची घडी काढून तिने मला वारा घातला. दाजींनी इंजिन बंद केलं होतं, ते मान तशीच वळवून बघत होते. मला वाटलं, आता हिचा धीर सुटणार. माझी ही अवस्था पाहून ही डोंगराचं नाव काढणार नाही आणि दर दिवाळीला पुन्हा तोच अल्बम निघणार. म्हणून मी तोंड पुसलं आणि म्हणालो की अक्का, तू घाबरू नको, तुझ्या शेजारी मी असेन.

तिने लिंबू माझ्या मुठीत ठेवलं, मूठ मिटवली आणि दाजींना परत फिरायची खूण केली.

"मी जासू," ती म्हणाली. "तू घर राय. गाडी तुले लागस."