आखूड दस्ता

दोह्यात आल्यावर पहिली तीन वर्षं मी एका दुकानात नोकरी केली. तिथे शिकारीचं आणि वाळवंटात तंबू ठोकून राहायचं सामान मिळायचं. रत्नागिरीला फोनवर सांगितलं तेव्हा अम्मीला वाटलं मी थट्टा करतेय. "बंदुकांच्या दुकानात तुझं काय काम गो?" काम अगदी साधं होतं. गिऱ्हाइकाच्या परवान्याचे कागद तपासायचे, फॉर्म भरून घ्यायचे आणि कागदावरचा नंबर रायफलवरच्या नंबराशी जुळतोय ना ते बघायचं. रायफलला हात लावायचा नाही, हे मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

रायफली दाखवायच्या आणि दुरुस्त करायच्या त्या एका सीरियन कारागिराने. वय साठीच्या पुढे. सगळे त्याला उस्ताद म्हणत. गिऱ्हाईक नसलं की तो मागच्या खोलीत दस्ते घासत बसे. दस्ता म्हणजे रायफलचा मागचा भाग, जो खांद्याला टेकवतात. माझे अब्बा सुतार. लाकडाच्या भुशाचा वास आला की मला घरी असल्यासारखं वाटतं, म्हणून दुपारचा चहा मी त्याच खोलीत प्यायचे. उस्तादची इंग्लिश मोडकी, माझी अरबी त्याहून मोडकी. तरी खाणाखुणा करत तो मला पुष्कळ काही सांगायचा. खांद्याच्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा दस्त्यात असतं, हे त्याचं आवडतं वाक्य.

थंडीचे दिवस नुकतेच सुरू झाले होते. एका दुपारी, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर, एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. थेट कतारच्या उत्तर टोकाहून, मदिनत अश शमालहून गाडी चालवत आले होते. गृहस्थ उंच, रुंद खांद्यांचे, पांढऱ्या दाढीचे. मुलगी अठ्ठावीस-एकोणतीसची, तिकडच्याच एका शाळेत शिक्षिका. उंचीने ती वडिलांच्या खांद्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. माझ्याएवढीच असावी, म्हणजे चार फूट दहा इंच. तिच्या उजव्या भुवईवर पांढरी पट्टी होती.

वडिलांनी एक लांब पेटी काउंटरवर ठेवली. "माझ्या रायफलवरची नेमाची दुर्बीण हलली आहे, बघून ठेव," ते उस्तादला म्हणाले. "आणि माझ्या मुलीसाठी एक बोल्टवाली रायफल दाखव. हलकी. दुकानात सगळ्यात हलकी असेल ती."

उस्तादने काढून दिली. मुलीने ती उचलली आणि तिचा चेहरा सैल झाला. "यबा, ही किती हलकी आहे!" ती वडिलांना म्हणाली.

"खलास, ठरलं. हीच," वडील म्हणाले आणि परवान्याचे कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. फोन वाजला म्हणून ते बाहेर गेले. मुलगी माझ्यासमोर खुर्चीत बसली. तिचा हात सारखा पट्टीकडे जात होता.

"काय लागलं?" मी इंग्लिशमध्ये विचारलं.

"दुर्बीण लागली. आठ दिवसांपूर्वी रेंजवर यबांच्या रायफलने नेम धरत होते. गोळी सुटली, रायफल मागे आली आणि दुर्बिणीची कड इथे बसली. चार टाके." मग घाईने म्हणाली, "चूक माझीच. मला नीट धरताच आली नाही. यबा म्हणतात माझ्या हाडांत तेवढं बळ नाही. रागाने नाही म्हणत. रक्त बघून माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते."

"मग जायचंच आहे का तुम्हाला शिकारीला?"

ती म्हणाली, "दर हिवाळ्यात यबा आणि माझे काका डोंगरी देशात जायचे. तीस वर्षं. गेल्या वर्षी काका वारले. यबा एकटेच गेले आणि परत आले तेव्हा कुणाशी धड बोलेनात. या वर्षी जातच नाही म्हणाले. मीच म्हटलं, मी येते." तिने काउंटरवरच्या रायफलकडे पाहिलं. "पण आता ट्रिगरवर बोट गेलं की माझे डोळे मिटतात. हलकी असली तर कदाचित जमेल."

माझ्या हातात पेन होतं, फॉर्म अर्धा भरून झाला होता. कारकुनाने गिऱ्हाइकाच्या पसंतीत नाक खुपसायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण गप्प बसवेना. वडील आत आले तेव्हा मी उठून उभी राहिले.

"हज्जी, एक सांगू? रायफल हलकी असली की धक्का जास्त बसतो. गोळी तीच, पण तो जोर अडवायला वजनच कमी. हिच्याने पुन्हा लागेल यांना."

मालक आतल्या केबिनमध्ये होते हे माझं नशीब. वडिलांनी उस्तादकडे पाहिलं.

"ही कागदवाली मुलगी खरं बोलतेय," उस्ताद म्हणाला.

"मग तू का नाही बोललास?"

"तुम्ही मला विचारलंत कुठे, हज्जी? तुम्ही खलास म्हणालात."

वडील मोठ्याने हसले. खुर्ची ओढून बसत म्हणाले, "बरं बाबा, आता विचारतो. यल्ला, सांग."

उस्तादने आधी पेटीतली वडिलांची रायफल काढली. बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा खटका, मागे ओढून आत गोळी नाही याची खात्री केली, मुलीलाही पाहायला लावलं. मग तिला हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगितला, दस्त्याचं टोक कोपराच्या खळगीत टेकवलं आणि म्हणाला, "आता ट्रिगरला बोट लाव."

बोट पोचेना. अंतर चांगलं दोन बोटांचं राहिलं.

"हे बघा, हज्जी. दस्ता हिला लांब पडतो. मग ही काय करते? मान पुढे ताणते, डोळा दुर्बिणीच्या जवळ नेते. रायफल खांद्यावर न बसता दंडावर बसते. गोळी सुटली की अडवायला मागे काहीच नाही. सरळ भुवईवर. यात हाडांचा काय दोष?"

वडील पुढे वाकले. त्या दोन बोटांच्या अंतराकडे बघत राहिले. मग मुलीकडे न बघता हळूच म्हणाले, "आणि मी तिला म्हणत होतो, घट्ट धर, अजून घट्ट धर."

"तुम्हाला तरी काय माहीत, यबा," ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे मोहरा वळवला. "बिंती, तुला हे कुठून कळलं?" बिंती म्हणजे बेटी. या शब्दाने मला धीर आला. मी सांगितलं की कॉलेजात मी एनसीसीत होते. नेमबाजीच्या निवडीला पालथं झोपून रायफल धरली, तर दस्ता मला इतका लांब की गाल टेकला तर बोट पोचेना, बोट टेकलं तर मान ताणावी लागे. गोळ्या कागदभर विखुरल्या. हवालदारसाहेब म्हणाले, हात आखूड आहेत हिचे, हिचं काम नव्हे. मी यादीतून नाव काढून घेतलं. चूक माझ्या हातांची नव्हती हे मला इथे, उस्तादच्या खोलीत चहा पिताना कळलं.

"दुसरी बंदूक का नाही दिली त्याने तुला?"

"सगळ्या सारख्याच होत्या, हज्जी."

त्यांनी मान हलवली. मुलीने टेबलावरचा माझा हात धरला आणि सोडला.

पुढचे दोन तास कसे गेले कळलं नाही. उस्ताद एकेक रायफल काढत होता. एक खांद्याला बसली, पण नळी इतकी लांब की मिनिटभर धरल्यावर तोंड खाली झुकायला लागलं. दुसरीची मूठ जाड. बोल्ट ओढायचा तर तिला रायफल खांद्यावरून खाली घ्यावी लागे. "नको," उस्ताद म्हणाला. "दुसरी गोळी भरताना नजर जनावरावरून हलता कामा नये." वडिलांना मोठी गोळी हवी होती, स्वतःच्या रायफलला लागते तशी. त्यावर उस्तादने विचारलं, "धक्क्याला भिऊन नेम चुकला आणि जनावर जखमी होऊन पळालं, तर आवडेल तुम्हाला?" वडिलांनी हट्ट सोडला. मध्यम गोळी ठरली, डोंगरी बकऱ्याला पुरेशी आणि खांद्याला सोसवेल अशी.

शेवटी एक मिळाली. फार हलकी नाही, फार जड नाही. तिच्या दस्त्याच्या टोकाला रबराची जाड गादी होती, आणि गादीमागच्या चकत्या काढता-घालता येत. उस्तादने दोन चकत्या काढल्या. दस्ता इंचभर आखूड झाला.

"डोळे मीट," तो तिला म्हणाला. "उचल. खांद्याला लाव, गाल टेकव. मान ताणायची नाही. आता डोळे उघड. काय दिसतं?"

"कडेला काळं दिसतंय. चंद्रकोरीसारखं."

त्याने दुर्बीण बोटभर सरकवली. पुन्हा डोळे मिटायला लावले. असं चार-पाच वेळा केलं.

"आता?"

"पूर्ण गोल," ती म्हणाली. "यबा, सगळं स्वच्छ दिसतंय!"

दुकानाच्या टोकाला भिंतीवर एक कॅलेंडर होतं. ती त्याच्यावरचे आकडे मोठ्याने वाचू लागली आणि वडील डोळे पुसत हसू लागले.

तिची भीती मात्र काही चकत्यांनी जाणारी नव्हती. परवान्याचं सगळं होऊन रायफल हातात आल्यावर तिने मला रेंजवर बोलावलं. "तिथे सगळे पुरुषच असतात. तुम्ही नुसत्या बसा," म्हणाली. सुट्टीच्या सकाळी माझ्या नवऱ्याने मला गाडीने रेंजवर पोचवलं. उस्तादही आला होता. तो गोळ्या स्वतः भरून तिला देत होता आणि मधूनच, न सांगता, एक खोटी गोळी भरत होता. खोट्या गोळीच्या वेळी आवाज नाही, धक्का नाही, पण तिचा खांदा खाडकन उडाला. तिचं तिलाच दिसलं. ती खजील झाली. दुसऱ्यांदाही तेच. चौथ्या खोट्या गोळीला नळीचं तोंड जरासंही हललं नाही. वडील मागे उभे होते. ते एकदाही "घट्ट धर" म्हणाले नाहीत. मला दिसत होतं, शब्द त्यांच्या ओठांवर येत होते आणि ते गिळत होते.

महिन्याभराने बापलेक शिकारीहून परतल्यावर ती एकटी दुकानात आली, खजुराचा डबा घेऊन. भुवईवर आता बारीक गुलाबी रेघ उरली होती. काय झालं ते तिने सगळं सांगितलं. चौथ्या दिवशी एक मोठा बकरा दुर्बिणीत आला, पण तो खडकाआड अर्धा झाकलेला होता. वाटाड्या "मार, मार" म्हणून कुजबुजत होता. तिने मारला नाही. बकरा निघून गेला. तिला वाटलं वडील नाराज होतील. ते नुसते म्हणाले, "तुझ्या काकानेही सोडला असता." काका वारल्यापासून त्यांचं नाव वडिलांनी पहिल्यांदा घेतलं होतं. मग तंबूत शेगडीपाशी बसून ते भावाच्या गोष्टी सांगत राहिले. काकांनी एकदा बुटात साखर सांडली ती, एकदा मेंढपाळाचा कुत्रा लांडगा समजून दोघं पळाले ती.

"आणि सहाव्या दिवशी?" मी विचारलं, कारण तिच्या चेहऱ्यावर अजून काहीतरी होतं.

"एका गोळीत," ती म्हणाली. "नंतर मी रडले. यबा म्हणाले, रडू आलं नाही तर पुढच्या वर्षी आणणार नाही."

पुढल्या वर्षी माझ्या मुलीचा जन्म झाला. मी ती नोकरी सोडली, आम्ही दोह्यातच अल सद्दला राहायला आलो. आता मी एका ऑफिसात एचआरचे कागद बघते. उस्ताद गावी परतला. शमालची ती शिक्षिका दर हिवाळ्यात मला बर्फाचे फोटो पाठवते. यंदाच्या फोटोत वडिलांच्या हातात काठी होती आणि दोन्ही रायफली तिच्या खांद्यावर.