ओबियाकोने काय सोडलं

ओबियाको दिसायला असा होता की त्याच्याशी वाकडं बोलायचं तर माणूस आधी पळायची वाट हेरून ठेवी. मान बैलाची, दंड मुसळासारखे. उमुओबा गावातल्या बायका म्हणत, हा शेतातून नुसता फिरून आला तरी ढेकळं फुटतात, कुदळ हवी कशाला? त्याचं कोनफळांचं कोठार गावात दुसऱ्या नंबरचं होतं. पहिल्या नंबरचं ज्याचं होतं, त्याच्याशी तो बोलत नसे.

आणि हा एवढा दांडगा गडी वर्षातून एकदा, पीक कोठारात येऊन कोरडा धुळीचा वारा सुटला की, गावातली सगळ्यांत नाजूक मुलगी होई.

असं म्हणणंही खरं तर चूक. रीतीप्रमाणे ती कुणी माणूस नव्हेच. ती पितरांच्या देशातली कुमारिका. वारुळातून वर येते. पांढराशुभ्र चेहरा, चिमटीत मावेल एवढं नाक, डोक्यावर कोरीव केसांचा मनोरा, अंगाला घट्ट बसणारे रंगीबेरंगी कपडे. बाजाराच्या चौकात बासरीवर नाचते आणि आल्या वाटेने जाते. मुखवट्यामागे कोण, हे फक्त पुरुषांना ठाऊक असायचं. बायकांना ठाऊक नसायचं. म्हणजे असायचं, पण आपल्याला ठाऊक नाही हे त्यांना फार नीट ठाऊक असायचं. एखादीच्या तोंडून नाव निघालं तर नवऱ्याने दंड म्हणून बकरा भरायचा. पुरुषानेच बायकांसमोर नाव काढलं, तर सगळं घर वाळीत.

त्याची बायको एकेम्मा दरवर्षी उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळत बसे.

"अहो, एवढे कशाने दुखतात पाय?"

"शेतात घसरलो."

"बाई गं! भलतंच उताराचं शेत आहे आपलं."

एवढंच. उभ्या संसारात तिने त्याच्या नाचाचं कौतुक एका शब्दाने केलं नव्हतं. करणार कशी?

मिशनची झोपडी नदीकडच्या वाटेवर उभी राहिली तेव्हा आधी गेली ती एकेम्माच. तिची धाकटी तापातून उठली होती, आणि मिशनच्या ज्या देवाकडे तिने पदर पसरला त्याचे आभार मानायला ती गेली आणि तिथलीच झाली. ओबियाको तिला बोलवायला म्हणून जाई. आधी बाहेर झाडाखाली बसे, मग दारात, मग आतल्या शेवटच्या बाकावर. त्याला तिथली एक गोष्ट खुपत होती. त्याने ती मास्तरांना विचारली. मास्तर म्हणजे जोनस, ओनित्शा शहराकडून आलेला धर्मशिक्षक, काटकुळा, पण आवाज ढोलासारखा.

"मास्तर, देव म्हणजे सगळ्यांत ताकदवान ना?"

"सगळ्यांत."

"मग लोकांनी मारलं, थुंकले, तर त्याने एक तरी ठेवून द्यायची की नाही?"

"नाही दिली."

"का? हात बांधले होते म्हणून?"

"सोडवता आले असते. नाही सोडवले."

ओबियाकोने हे सबंध पेरणीभर कुदळीबरोबर वर-खाली केलं. आयुष्यभर त्याला शिकवलं होतं की मर्द तो, ज्याच्या उगारलेल्या हाताला लोक घाबरतात. ज्याला हात उगारता येतो आणि तो उगारत नाही, अशा मर्दाचं नाव त्याने ऐकलं नव्हतं. कापणीपर्यंत त्याचं ठरलं. पाणी घ्यायचं, बाप्तिस्मा घ्यायचा, एकेम्माबरोबरच.

त्याच्या बरोबरीचा इलोझुए भर रस्त्यात ओरडला, "अरे, बायको पुढे आणि तू मागे! उद्या तिची घागर घेशील डोक्यावर!"

"घेईन की. तुझ्या डोक्यात जागा असती तर तुलाही दिली असती एक."

पण मिशनचा नियम होता, पितरांचा मुखवटा चढवणाऱ्याला पाणी नाही. तीन बाजार भरून उठले तोवर ओबियाकोला अन्न गोड लागलं नाही. मग एका सकाळी त्याने मुखवटा स्वतः नेऊन त्याच इलोझुएच्या हातात दिला, आणि बायकांना जिथे पाऊल टाकायला बंदी, त्या पुरुषांच्या राईत त्याला नाच शिकवलाही. इलोझुए नाचायला लागला की कुमारिका कोंबडी धरायला निघाल्यासारखी वाटे. ओबियाको डोळे मिटून घेई. पण सोडलं म्हणजे सोडलं.

आता वाटेत काही राहिलं नाही असं त्याला वाटलं, तेवढ्यात मास्तरांनी जाहीर केलं, बाप्तिस्मा द्यायला फादर येण्याआधीच्या रविवारी प्रत्येकाने सगळ्यांसमोर उभं राहून काय सोडलं ते मोठ्याने सांगायचं.

सगळ्यांसमोर म्हणजे डाव्या हाताच्या बाकांसमोरही. तिथे बायका बसत.

त्या रविवारी झोपडी गच्च भरली. म्हातारा ओफोदिले उठला आणि म्हणाला, "मी धाकटी बायको सोडली." डावीकडून धाकटी बायको कडाडली, "मला विचारलंत? आणि माझी भांडी कोण देणार?" तो वाद मिटवता मिटवता मास्तरांना घाम फुटला. मग ओबियाकोची पाळी आली.

"ओबियाको, तू काय सोडलंस?"

"सोडायचं होतं ते सोडलं, मास्तर."

"नाव घे."

"नाव नाही घेता येत."

"पाप करताना येत होतं आणि सांगताना नाही?"

"मास्तर, झाडामागे चला. कानात सांगतो."

"कानात नाही. सगळ्यांसमोर. नाहीतर परवा पाणी नाही."

बिबट्याच्या मागावर भाला घेऊन गेलेला हा माणूस, पण आता तोच पळायची वाट हेरायला लागला. सांगावं तर घर वाळीत पडणार, पितरांचा आणि गावाचा घात होणार. न सांगावं तर ज्याच्यासाठी मुखवटा दिला तेच हातचं जाणार. त्याने आढ्याकडे पाहिलं. बायकाही आढ्याकडे पाहत होत्या, जशी काही तिथे पाल होती. एक म्हातारी उगीच खोकायला लागली.

तेव्हा एकेम्मा उठली. पदर सारखा केला.

"मास्तर, एक विचारू? आम्हा बायकांना काय कळतंय म्हणा."

"विचार."

"तुमच्या गावात पितर येतात का हो नाचायला?"

"येत. मी लहान होतो तेव्हा."

"चौकात नाचायचं ते कोण असायचं? नाव सांगा ना."

मास्तरांनी तोंड उघडलं. प्रश्नोत्तरं त्यांना पाठ, इंग्रजी पाठ, सैतानाची सगळी नावं पाठ. पण त्यांनाही पोरवयात कुणीतरी राईत नेलं होतं आणि जिभेवर शपथ ठेवली होती. त्यांनी उजवीकडे पाहिलं. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, सगळे पुरुष श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होते. डावीकडे बायकांचे चेहरे अंघोळ घातलेल्या बाळासारखे निष्पाप.

"ते... म्हणजे..." ढोलासारखा आवाज पार पिपाणीवर आला. "ते वारुळातून येत."

मग मास्तरच आधी हसले, स्वतःलाच, आणि भल्या माणसासारखे. रुमालाने कपाळ पुसून म्हणाले, "बस, ओबियाको. देवाला ओरडून सांगावं लागत नाही. त्याला ऐकू आलंय."

फादर आले, पाणी झालं. ओबियाकोला बायबलातल्या अचाट ताकदीच्या सॅमसनचं नाव फार आवडलं होतं. पण बाईला गुपित सांगून तो कसा फसला, हा गोष्टीचा शेवट ऐकल्यावर त्याने पीटर घेतलं.

उत्सवाच्या दिवशी तो कोठारात कोनफळं बांधत बसला. चौकातून बासरी ऐकू येत होती. त्याने एकच गाठ चारदा बांधली, चारदा सोडली. एकेम्मा पाण्याला जाऊन आली. चौकावरून पाण्याची वाट नव्हती, पण ते त्याने विचारलं नाही.

घागर उतरवता उतरवता ती म्हणाली, "यंदा वारुळातून दुसरीच कुणी आली म्हणतात. बायका विचारत होत्या, आधीची कुठे गेली?"

"मला काय ठाऊक?"

"तिच्यासारखी मान वळवणारी पुन्हा होणे नाही, म्हणत होत्या. मी आपलं ऐकलं, तेवढं सांगते."

त्याने कोनफळ खाली ठेवलं. मग दोरी तशीच हातात धरून, जमिनीकडे बघत विचारलं, "कोण कोण म्हणत होत्या?"