शेवटी बाळ नसलेला सिनेमा

गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, रोंके इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये वारली. कॅन्सर होता. मूळची नायजेरियातल्या लागोसची, इथल्या हॉस्पिटलात नर्स, आणि एका सिनेमाची दिग्दर्शक. त्या योरुबा भाषेतल्या सिनेमाची इंग्रजी सबटायटल्स मी तपासली होती, मैत्री तिथली. ड्यूटी संपली की ती आमच्याकडे यायची आणि सांडगी मिरची पापडासारखी खायची.

सिनेमाची गोष्ट लहान. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही, सासू सुनेला बोल लावते. तपासणीत दोष नवऱ्यात निघतो. तो रिपोर्ट लपवतो. शेवटी आईसमोर उभा राहतो, तोंड उघडतो... आणि पडदा काळा होतो.

पहिला खेळ इथल्या एका नायजेरियन चर्चच्या हॉलमध्ये झाला. हे प्रेक्षक गप्प बसून सिनेमा पाहत नाहीत. पडद्यावरच्या माणसांना सल्ले देतात, झापतात. ‘पोरी, उपास धर!’, ‘डॉक्टर खोटारडा आहे!’ असं शेवटपर्यंत चाललं. पडदा काळा झाल्यावर मात्र कुणी उठेना. आता नेहमीच्या सिनेमांसारखा पास्टर येणार, प्रार्थना होणार, बाळ होणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

“लॅपटॉप अडकला का गं?” पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं.

“नाही आंटी, संपला,” रोंके म्हणाली.

“आणि बाळ?”

“बाळ नाही.”

“मग बसवलंस कशाला? एवढ्यात माझा भात शिजला असता!”

हॉल हसला, रोंकेही हसली. मागून कुणीतरी म्हणालं, “हिला स्वतःला नाही, म्हणून दुसऱ्याचंही दाखवत नाही.” रोंके आणि तिचे पती डेले यांना मूल नव्हतं. डेले तेव्हा खुर्च्या आवरत होते.

बाळाचा प्रसंग घातला तरच पुन्हा हॉल मिळेल, असं चर्चच्या समितीनं कळवलं. इतर शहरांतूनही तेच उत्तर आलं.

“दोन मिनिटांचा तर सीन,” मी म्हटलं. “एखादं बाळ उसनं आण.”

“बाळं हवी तेवढी मिळतील. पण त्या दोन मिनिटांत तो सुटतो ना! मग आईला सांगावंच लागत नाही.”

नागपूरहून आलेल्या माझ्या आईला आम्ही तो सिनेमा घरी दाखवला. “छान आहे हो,” आई म्हणाली, “पण त्या पोरीची कूस उजवायला हवी होती.” मी इंग्रजीत सांगितल्यावर रोंके सोफ्यावर आडवी होऊन हसली. “मम्मा, तुमची जागा आमच्या हॉलमध्ये, पहिल्या रांगेत!” पुढे दर फोनवर आई विचारायची, “घातलं का तिनं बाळ?”... घातलं नाही. सिनेमा पुन्हा कुठे लागला नाही.

स्मरणसभेसाठी समितीनं तोच हॉल दिला. सिनेमा आहे तसाच लागेल, असं डेले यांनी सांगितलं होतं. लोक पूर्वीसारखेच बोलत होते. शेवटी मुलगा आईसमोर उभा राहिला, तेव्हा मागून एका पुरुषाचा आवाज आला, “सांग तिला!”

पडदा काळा झाला. डेले उठले, लोकांकडे वळले.

“मी माझ्या आईला नव्हतं सांगितलं,” ते म्हणाले आणि खाली बसले.