टेबलातलं पाणी

नवऱ्याची पाठ कायमची दुखावली आणि शिरोलीतली आमची फॅब्रिकेशनची शेड माझ्याकडं आली. तिथं प्लाझ्मा कटिंगचं मशीन आहे. उथळ हौदासारख्या टेबलात पाणी भरायचं, वर लोखंडाची प्लेट ठेवायची आणि तिच्यावरून ज्योत फिरवायची. ठिणग्या, धूर, वितळलेलं कीट, सगळं खालचं पाणी गिळतं. मशीन चालवायचे शाहूवाडीकडचे एक काका. नवऱ्याच्या वेळेपासूनचे, बोलायला कमी.

आम्ही बोअरचं पाणी भरायचो. कापलेले तुकडे दुसऱ्या दिवशी तांबूस व्हायचे, आणि दोन दिवस सुट्टी लागली की पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास मारायचा. ट्रॉल्या बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकानं अख्खा माल परत पाठवला, तेव्हा मी गंज रोखणारं औषध आणलं. डब्यावरचं प्रमाण वाचून स्वतः मोजून घातलं. काकांना सांगितलं, याला तुम्ही हात लावू नका, हे माझ्याकडं राहू दे.

गंज थांबला. वासही गेला. नवऱ्याला जमलं नाही ते आपल्याला जमलं, असं मनात आलं होतं, हे आज कबूल करते. उन्हाळ्यात टेबल भराभर आटायचं. जेवढं पाणी कमी होईल तेवढं मी पुन्हा ओतायची, आणि त्या मापात औषधही.

मे महिन्यात एका दुपारी जेवायला बसलो होतो. काका आमटीत कुस्करलेली भाकरी चमच्यानं खात होते. चमच्यानं जेवणारा माणूस नव्हे हा. एवढ्या उकाड्यात शर्टाच्या बाह्याही पुऱ्या खाली. मी बाही वर करायला लावली. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी लाल, भेगाळलेली. पाण्यात पडलेले तुकडे काढायला ते दिवसातून कितीदा तरी हात घालायचे. महिनाभर मी प्लेटा निरखत होते, आणि हात समोरच होते.

सांगितलं का नाही, असं विचारल्यावर त्यांनी चमचा ताटात ठेवला.

"आमटी आटली की वरनं मीठ घालत न्हाय कोण, वहिनी. पाणीच घालत्यात." मग हळू म्हणाले, "पर तुमी शिकलेल्या. बघूनच करत असशीला म्हटलं."

उडून जायचं ते नुसतं पाणी. औषध तिथंच राहायचं, आणि मी त्यात भर घालत होते.

त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. मशीन चार दिवस बंद ठेवलं. तळाचा काळा गाळ आणि जुनं पाणी पिंपांत भरून घातक कचऱ्याच्या गाडीची वाट बघितली. गटारात सोडायचं धाडस आता होईना. नवं पाणी भरलं, औषध एकदाच घातलं. त्यानंतर आटलं की फक्त साधं पाणी, आणि दर सोमवारी औषधाचं प्रमाण तपासायची पट्टी बुडवून तिचा रंग बघायचा. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणले.

भाताच्या लावणीला काकांनी रजा मागितली, तेव्हा मी आधी त्यांची बोटं बघितली. भेगा भरल्या होत्या. तरी विचारलं, चिखलाच्या पाण्यात दिवसभर हात चालतील का?

"त्या पाण्यात काय हाय ते मला म्हाईत हाय की," ते म्हणाले.

आता औषधाचा डबा उघडायचा झाला की मी आधी त्यांना बोलावते.