गोधडीचं दुसरं टोक

आमच्या विभागाच्या गच्चीवरचे सोलर पॅनल दुरुस्त करायला आलेल्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. खुलताबादहून आला होता, एवढं कळलं. कामाला बसण्याआधी त्यानं घड्याळ आणि अंगठी काढून टोपीत ठेवली आणि टोपी कठड्यावर.

मी विद्यापीठात सौरऊर्जा शिकवतो. पोरांना नुसती सूत्रं येतात, हात चालत नाहीत, म्हणून त्या दुपारी वर्गच गच्चीवर नेला होता. खाली मेन बंद करून आलो आणि एका विद्यार्थिनीला म्हणालो, "सोडव वायर." तिनं हात पुढं केला, तोच मिस्त्रीनं आपला हात मध्ये घातला.

"थांब बेटा. मेन बंद केला तरी ऊन हाय तवर पॅनल जिवंतच असतंय. सूर्याला बटण नसतं."

माझी चूक माझ्या लक्षात आली. त्यानं माझा चेहरा पाहिला असावा, कारण लगेच पोरांकडं वळून म्हणाला, "सरांनी वर्गात सांगितलंच असंल. तुमीच इसरले."

सुटलो, असं वाटलं. पोरगी सुखरूप होती आणि माझी अब्रूही. पण पोरं माझ्याकडं बघत होती.

"नाही," मी म्हणालो, "मी सांगितलं नव्हतं. फळ्यावर मला हे माहीत होतं, इथं आठवलं नाही."

मिस्त्री हसला नाही. पिशवीतून जाडजूड गोधडी काढून पॅनलवर अंथरू लागला, म्हणजे आत ऊन पोचणार नाही.

"मग धरा सर, दुसरं टोक."