वळणावरची कड

“यात काहीतरी आहे,” असं म्हणून काकू दुधाची पिशवी उजेडाकडे धरायच्या. पिशवी ठीक निघाली की त्यांचा चेहरा पडायचा आणि मग त्या पिशवी आणणाऱ्या माणसाला खालपासून वरपर्यंत बघायच्या. सोसायटीची नोटीस लागली की पुढून वाचून झाल्यावर कागद उचलून मागची बाजूही बघायच्या. माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले तर म्हणाल्या, “एवढ्या लवकर? काय घाई आहे गो?” भाची तिशीची होती.

तुमच्याही इमारतीत असं एक माणूस असेलच. नसेल तर जरा आरशात बघा.

आमची इमारत मनवेलपाड्यात. तीन मजले, लिफ्ट नाही. मी पहिल्या मजल्यावर राहते आणि सोसायटीची सेक्रेटरी आहे, कारण ज्या मीटिंगला मी गेले नव्हते त्याच मीटिंगमध्ये माझी निवड झाली. काकू तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. सगळे त्यांना काकू म्हणत, मीही. मूळच्या राजापूरकडच्या. सगळी नोकरी एका औषधांच्या कारखान्यात झाली, तयार पाकिटं तपासून खराब असतील ती बाजूला काढायच्या खात्यात. निवृत्त झाल्यावर ते खातं सुटलं, नजर काही सुटली नाही.

त्यांचे यजमान, म्हणजे काका, अगदी उलट. एस.टी.त कंडक्टर होते. कोणीही काहीही सांगावं आणि त्यांनी “असं होय!” म्हणावं. सगळ्या गल्लीशी त्यांची ओळख. मग एका सकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. काकूंनी तीन डॉक्टर बदलले, प्रत्येकाने तेच सांगितलं तेव्हा कुठे औषध सुरू केलं. हळूहळू काका उभे राहिले, चालायला लागले आणि रोज संध्याकाळी जिना उतरून फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायला लागले. तिथे भाजीवाली त्यांच्याशी बोलायची, शाळेतून येणारी पोरं टाळी द्यायची. घरात गप्प असलेला माणूस फाटकापाशी पुन्हा कंडक्टर व्हायचा.

त्यांचं उतरणं मी दारातून बघितलेलं आहे. उजव्या हातात कठडा. डावा पाय पुढे सरकवायचा, पायरीची कड तळव्याला लागली की थांबायचं, मग तो पाय खाली सोडायचा. काकू पुढे, काकांकडे तोंड करून उलट्या उतरत, दोन्ही हात पसरून.

जिन्याच्या जुन्या कोटा लाद्यांच्या कडा फुटल्या होत्या, म्हणून नव्या लाद्या बसवायचं ठरलं. गच्चीवर मीटिंग झाली. आमचे चेअरमन उत्साही माणूस. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, त्यामुळे त्यांना जिना मॉलसारखा हवा होता. क्रीम रंग, चकचकीत, कडा पूर्ण गोल आणि त्यांनाही पॉलिश. मोबाइलवर फोटो फिरला. बायका म्हणाल्या, छान आहे.

काकूंनी फोटो बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा केला. “यात काहीतरी आहे.”

“काय आहे काकू?” चेअरमन म्हणाले. “लादी आहे.”

“कड कुठाय? पायाला कुठे संपली ते कळणार कसं? वर ती चकचकीत. ह्यांचा पाय त्यावरून सटकणार.” मग त्यांनी मोबाइल परत दिला आणि सगळ्यांकडे बघून सरळ सांगितलं, “ह्यांना उतरता आलं नाही तर हे घरात बसतील. घरात बसले तर संपतील. मला ठाऊक आहे.”

दुकानात जाऊन प्रत्यक्ष बघायचं ठरलं आणि मीटिंग संपली.

दुकानात आम्ही तिघं गेलो. चेअरमन, मी आणि काकू. काकूंच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, ती पिण्यासाठी असेल असं मला वाटलं. दुकानदार मोठा हसतमुख, मोजेच घालून फिरत होता. त्याने आधी जमिनीच्या लाद्या दाखवल्या, कडा मशीनवर तासलेल्या, दोन लाद्यांत सांध दिसणार नाही अशा. भिंतीच्या लाद्या दाखवल्या, कोपऱ्यावर दोन्हीच्या कडा तिरक्या कापून एकमेकींना चिकटवलेल्या. “बघा, पट्टी लावायची गरजच नाही,” तो म्हणाला. काकूंनी त्या कोपऱ्यावर नख फिरवलं. “बादली लागली की उडेल,” म्हणाल्या. दुकानदाराचं हसू थोडं कमी झालं.

मग पायऱ्यांच्या लाद्या, खाली पायरीसारख्या मांडलेल्या. सरळ कड, अर्धगोल कड, पूर्ण गोल कड, नुसतीच धार मोडलेली कड. चेअरमननी लगेच चकचकीत गोल कडेवर हात ठेवला. काकूंनी बाटली काढली आणि त्या नमुन्यावर पाणी ओतलं.

“अहो काकू!” दुकानदार ओरडला.

“चाला.”

“काय?”

“तुमच्याच दुकानातली आहे ना? मग चाला की.”

तो बिचारा मोज्यांनिशी चढला, काउंटरला धरून एक पाऊल टाकलं आणि दुसरं पाऊल त्याच्या मर्जीशिवाय पडलं. चेअरमननी त्याला पकडलं. मला हसू आवरेना. शेवटी खरखरीत, राखाडी, पुढे अर्धगोल कड आणि कडेलगत तीन खाचा असलेली लादी ठरली. काकूंनी तीही ओली करून बघितली, या वेळी स्वतः चालून. त्या घसरल्या नाहीत. तरी म्हणाल्या, “दाखवतात हीच, पाठवतील कुठली कोण जाणे.”

चेअरमन परतीच्या रिक्षात मोबाइलवर पुन्हा तो क्रीम जिनाच बघत होते. दोन दिवसांत इमारतीत कुजबुज सुरू झाली की काकूंचा कोणीतरी भाऊ त्या दुकानात आहे म्हणून त्यांनी ती लादी लादली. काकूंना भाऊ नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण संशयी माणसावर संशय घ्यायला लोकांना फार आवडतं. ज्यांनी आयुष्यात कधी दुधाची पिशवी तपासली नाही तेही भुवया उंचावून बोलू लागले.

काम सुरू झालं तसे काका घरात अडकले. पायऱ्या एकेक मजला करून उखडायच्या होत्या, बाकीचे लोक फळ्यांवरून कसेबसे जायचे, काकांना ते शक्य नव्हतं. ते बाल्कनीत बसायचे आणि खालून कोणी गेलं की जड जिभेने विचारायचे, “झालं का?” सुरुवातीला मोठ्याने विचारायचे. मग नुसता हात हलवायचे. मग हातही हलवेनासे झाले. मी ऑफिसातून येताना वर बघायचं टाळायला लागले, खरं सांगते.

काकू मात्र जिन्यात स्टूल टाकून बसलेल्या. लाद्या आल्या त्या दिवशी त्यांनी प्रत्येक खोका फोडून कडेवर अंगठा फिरवला. वाळू आली तेव्हा चिमूटभर जिभेवर ठेवली. “खारट आहे. खाडीची रेती टाकतोय हा, सगळं उपटून येणार.”

आमच्याकडे खारी रेती म्हटलं की लोक घाबरतात. मीही घाबरले. चेअरमननी चाखली, मी चाखली, मिस्त्रीने स्वतः चाखली. मिस्त्री राजस्थानचा, शांत माणूस. “आंटी, मीठी है,” तो म्हणाला. काकू हटेनात. शेवटी वरून काका ओरडले, बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज ऐकू आला, “अगो, सकाळी जवळ्याची चटणी खाल्लीस ना!” सगळा जिना हसला. काकूंनी पाणी मागवून चूळ भरली, पुन्हा चाखली आणि “बरी आहे” एवढंच म्हणाल्या. मिस्त्रीला त्या दिवशी चहाबरोबर खोबऱ्याची वडी मिळाली. त्याने ती खाण्याआधी हुंगून बघितली, इतका त्यांचा गुण त्याला लागला होता.

काम संपत आलं. लोक खूश. जिना ओळखू येत नव्हता, चेअरमनसुद्धा “वाईट नाही” म्हणाले. काका उद्या उतरणार असं ठरलं. आणि त्या संध्याकाळी काकू दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलेल्या दिसल्या, अंगठा कडेवर.

“यात काहीतरी आहे.”

“काकू, आता पुरे हं,” मी म्हणाले. दिवसभराच्या प्रवासाने माझं डोकं उठलं होतं.

“हात दे इकडे.”

त्यांनी माझं बोट धरून एका पायरीच्या कडेवरून फिरवलं, मग वळणावरच्या पायरीवरून. पहिली गार आणि टणक लागली. दुसरी थोडी कोमट, थोडी चिकट. नखाने दाबलं तर खूण उमटली. आणि खाचा कुठे होत्या? तीन हव्या होत्या, तिथे एकही नव्हती.

मिस्त्रीला बोलावलं. तो आधी मान हलवत राहिला, मग त्याने सांगून टाकलं. कारखान्यातून लादीच्या एकाच बाजूला कड घडवून येते. वळणावरच्या पायऱ्या एका टोकाला निमुळत्या, तिथे लादी तिरकी कापावी लागते. मागून कापली तर भिंतीशी फट राहत होती आणि भिंत तर सगळ्यांना दिसते. म्हणून त्याने पुढूनच कापली, घडवलेली कड कापून गेली, आणि उघड्या कापावर सांधे भरायचा रंगीत मसाला भरून तो हाताने गोल केला. भिंतीशी काम एकदम सुबक झालं होतं. आम्ही सगळ्यांनी त्याचंच कौतुक केलं होतं.

चेअरमन धावत आले. “चार पायऱ्यांचा प्रश्न आहे काकू. चांगला मसाला आहे तो.”

“मसाला किती दिवस टिकतो?”

मिस्त्री म्हणाला, “चार-छे महिना, आंटी.”

“म्हणजे चार महिने ह्यांचा पाय ही कड ओळखायला शिकणार आणि मग एक दिवस ती तिथे नसणार.” काकू त्या पायरीवर मांडी घालून बसल्या. “तोडा. नाहीतर माझ्यावरून जा.”

लोक जेवणं सोडून जिन्यात जमले. पुन्हा धूळ, पुन्हा फळ्या, म्हणून आरडाओरडा झाला. एक जण म्हणाला, एका माणसासाठी सगळ्या इमारतीने किती सोसायचं? काकूंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्या नजरेत भरवसा अजिबात नव्हता. मी चेअरमनच्या बाजूने जाईन असंच त्यांनी धरलं होतं. मला त्याचा राग आला आणि त्या रागातच मी म्हणाले, “तोडायचं. सेक्रेटरी म्हणून सांगते.”

मिस्त्रीने वळणावरच्या पायऱ्या तोडल्या. नव्या लाद्या मागून कापल्या, भिंतीशी राहिलेली फट तुकडे लावून बुजवली. ती अजूनही दिसते, वाकडीतिकडी. पुढची कड कारखान्याची, अर्धगोल, तीन खाचांसकट.

काका उतरले तेव्हा मी मुद्दाम रजा घेतली होती. काकू नेहमीसारख्या पुढे, उलट्या उतरत. वळणावर आल्यावर काकांनी डावा पाय सरकवला, कड लागली, थांबले. खालपर्यंत असंच. फाटकापाशी खुर्चीत बसले आणि भाजीवालीला म्हणाले, “तिकीट, तिकीट!” ती रडायलाच लागली. काकू खुर्चीचे पाय तपासत होत्या.

त्यानंतर काका बरेच दिवस, अगदी रोज, फाटकापाशी बसले. गेले ते जिन्यामुळे नाही. एका पहाटे झोपेतच गेले.

डॉक्टर आले, तपासलं, मान हलवली. काकू म्हणाल्या, “परत बघा.” डॉक्टरांनी परत बघितलं. “दुसऱ्या हाताची नाडी बघा.” त्यांनी तीही बघितली. मग काकू म्हणाल्या, “चुकत असेल तुमचं,” आणि हे इतक्या हळू म्हणाल्या की मला तिथे उभं राहवेना.

तिरडी खाली बांधली होती. जिना अरुंद, म्हणून काकांना चादरीत घेऊन चौघं उतरू लागले. पुढे चेअरमन होते. काकांना नुकतीच आंघोळ घातलेली, चादरीतून पाणी ठिबकत होतं, चौघांचे पाय अनवाणी आणि ओले. काकू आम्हा सगळ्यांना सोडून वळणावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. त्या चौघांच्या पायांकडे बघत होत्या. एकेक पाय कडेवर टेकायचा आणि काकूंचे ओठ हलायचे. वळणावर चेअरमन क्षणभर थांबले, ओल्या पायाने कड चाचपली आणि मग खाली पाय टाकला.

कोणी घसरलं नाही. काका शेवटच्या पायरीपर्यंत न धडपडता उतरले. खालून “आलो” असा आवाज आला, तेव्हा काकू त्या वळणावरच्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. मी त्यांच्याजवळ बसले. जिना ओलाच होता.